नव्या पुस्तकाबद्दल लेखकाशी गप्पा: प्रकाशनाच्या दिवशी, की वाचून झाल्यावर?

वाचनालयाची किल्ली

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात काम करते. नवं पुस्तक आलं की लेखकाला बोलवायचं, असं आम्ही चार वर्षांपासून ठरवलंय. कधी कादंबरी, कधी माहितीपर पुस्तक. यंदा दोन कार्यक्रम असे झाले की मनातून जात नाहीत, म्हणून हा धागा.

पहिला पौषात झाला. ऊसतोड कामगारांवरच्या एका नव्या कादंबरीचं प्रकाशन होतं. व्यासपीठावर पाच पाहुणे होते. पुस्तक त्याच दिवशी छापखान्यातून आलेलं, गठ्ठ्याची सुतळी मीच कापली. म्हणजे लेखक सोडला तर सभागृहात कुणीच ते वाचलेलं नव्हतं. निवेदकाने त्याला दोनदा 'कथासंग्रह' म्हटलं. लेखक खाली बघत राहिले. त्यांना बोलायला शेवटी बारा मिनिटं उरली आणि प्रश्न एकच आला, "लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली?" आणि सगळ्यात मोठी चूक आमची, आयोजकांची. पौषात आमचा अर्धा तालुका कारखान्यांवर असतो. ज्यांच्यावर कादंबरी लिहिली ती माणसं त्या दिवशी तिकडे उसाच्या फडात होती.

याची रुखरुख लागून राहिली. मग ज्येष्ठात, टोळ्या परत आल्यावर, त्याच लेखकांना पुन्हा बोलावलं. मधल्या महिन्यांत आम्ही पाच प्रती घेऊन वस्तीवर फिरवल्या होत्या. हार-तुरे नाहीत, सतरंजीवर साठेक माणसं. एक पन्नाशीच्या बाई उठल्या. नववीतल्या नातीकडून त्यांनी अख्खी कादंबरी रोज थोडी थोडी वाचून घेतली होती. त्या म्हणाल्या, "तुमची बाई मोळी डोईवर घेऊन फळीवरून टरकात चढती. ती फळी वली हाय का कोरडी?"

लेखकांना प्रश्न कळला नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, "पहाटं दव पडल्यालं असतंय. फळी निसरडी व्हती. चपला काढूनच चढावं लागतंय. तुमची बाई चपलासगट चढलीया."

लेखकांनी पिशवीतून स्वतःची प्रत काढली, पान शोधलं आणि समासात पेन्सिलीने काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाले की तीन हंगाम ते फडावर जात होते, पण जायचे सकाळच्या एसटीने. पोचेपर्यंत नऊ वाजायचे आणि दव उडून गेलेलं असायचं. तिथून पुढे दीड तास ते बोलले. पहाट त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून लिहिली, मुकादम त्यांच्याशी कसा बोलला, उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचा, हिशोब त्यांना कुणी वहीत मांडून दाखवला. पौषात यातलं एक वाक्यही निघालं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रकाशन आणि गप्पा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गप्पा पुस्तक वाचून झाल्यावरच व्हाव्यात, निदान दोन महिन्यांनी. तुमच्याकडे काय करतात? आणि पुढच्या महिन्यात आमच्याकडे भूजलावर पुस्तक लिहिलेले एक लेखक येतायत. कादंबरीकाराला काय विचारावं हे थोडंफार कळायला लागलंय. अशा पुस्तकाच्या लेखकाला काय विचारावं?

मुद्रितशोधक

ताई, फळीचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. मी पुण्यात तीस वर्षं प्रुफं तपासतोय. ते प्रूफ माझ्या हातात असतं तर मलाही ती चप्पल दिसली नसती.

पण दोन महिन्यांचा नियम मला पटत नाही. प्रकाशकाची बाजू सांगतो. पूर्वी पहिली आवृत्ती हजाराची निघायची, आता पाचशेची काढतानाही हात आखडतो. पेपरात बातमी येते ती प्रकाशनाची. दोन महिन्यांनी सतरंजीवर झालेल्या गप्पांची येत नाही. दुकानात नवं पुस्तक समोरच्या टेबलावर राहतं ते थोडेच दिवस, नंतर कपाटात जातं, मग कपाटाच्या खालच्या फळीवर. लेखकाला बोलतं करायचं तर पुस्तक टेबलावर आहे तोवरच करावं, नाहीतर ज्यांना ऐकून ते घ्यावंसं वाटेल त्यांना ते मिळत नाही.

आता विचारायचं काय, ते माझ्या कामातून सांगतो. लेखकाला विचारा, कुठल्या शब्दासाठी भांडलात? प्रत्येक चांगल्या पुस्तकात असा एक तरी शब्द असतो. मी एका हस्तलिखितात 'वाढं' या शब्दावर खूण करून समासात 'उसाचे शेंडे?' असं लिहिलं होतं. लेखकाने ते खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'शेंडे झाडाला असतात. वाढं बैलाला घालतात.' मी खूण मागे घेतली. मग शेवटी शब्दसूची द्यावी का यावर दोन आठवडे गेले. लेखक नको म्हणत होते, संपादक हवी म्हणत होत्या. शेवटी सूची दिली नाही आणि आज मला वाटतं तेच बरोबर होतं. ही हकिगत व्यासपीठावर कुणी विचारली असती तर पुस्तकाची भाषा कशी घडली हे श्रोत्यांना कळलं असतं. पण कुणी विचारत नाही, कारण असं काही घडतं हे माहीतच नसतं.

दुसरा प्रश्न, काय काढून टाकलं? मी पाहिलेल्या बहुतेक कादंबऱ्या छापण्याआधी बऱ्याच मोठ्या होत्या.

उंबराचं झाड

वाचतेय. छान धागा. एक शंका आहे. सगळ्यांनी वाचूनच यायचं म्हटलं तर ज्यांनी वाचलेलं नाही त्यांनी यायचंच नाही का? आमच्या गावात मी गप्पा ऐकून आले आणि मग पुस्तक घेतलं, असंही झालंय.

दूरचा कंदील

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे लेखक प्रत्यक्ष भेटतो तो क्वचित. आमच्या गप्पा पडद्यावरच्या, तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची सकाळ. पण रेकॉर्डिंग पुन्हा ऐकता येतं, त्यामुळे एक सवय लागलीय. उत्तर कुठल्या प्रश्नाला उघडलं हे मी मागे जाऊन शोधतो. जवळजवळ दर वेळी तो आधी ठरवून ठेवलेला प्रश्न नसतो, मागच्या उत्तरातला शब्द पकडून विचारलेला असतो.

मराठीतलं नाही, पण एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'पॅरिस रिव्ह्यू' या त्रैमासिकाने १९५३ मध्ये लेखकांच्या मुलाखती छापायला सुरुवात केली. पहिली मुलाखत इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांची. १९५८ मध्ये त्यांनी अमेरिकन लेखक हेमिंग्वेची मुलाखत छापली. त्यात तो सांगतो की 'अ फेअरवेल टू आर्म्स' या आपल्या कादंबरीचं शेवटचं पान आपण एकोणचाळीस वेळा लिहिलं. दुसरा कुणी असता तर "वा!" म्हणून पुढच्या प्रश्नावर गेला असता. मुलाखतकार तिथेच थांबला आणि त्याने विचारलं की अडत कुठे होतं, काही तांत्रिक अडचण होती का? हेमिंग्वेचं उत्तर एका ओळीचं आहे, शब्द नीट बसवणं. एकोणचाळीस हा आकडा नुसता असता तर फुशारकी वाटली असती. पुढच्या प्रश्नामुळे तो आकडा म्हणजे काम झाला.

हेही सांगायला हवं की त्या मुलाखती छापण्याआधी लेखकाला दाखवतात आणि तो त्यात दुरुस्त्या करतो. समोरासमोरच्या गप्पांना ती सोय नाही. तिथे लेखक अडखळतो, गप्प बसतो. किल्लीताई, तुमचे लेखक पिशवीतून प्रत काढेपर्यंत जी शांतता झाली असेल, ती छापील मुलाखतीत कधी आली नसती.

लहानपणी मुंबई दूरदर्शनवर 'प्रतिभा आणि प्रतिमा' लागायचं. डोंबिवलीच्या चाळीत शेजारच्यांकडे बसून बघायचो. पुस्तकं कळायचं वय नव्हतं, पण लिहिणारा माणूस असा आपल्यासारखाच खुर्चीत बसतो आणि विचार करून बोलतो, हे तिथे पाहिलं. उंबराचं झाड, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच. न वाचलेल्यांनी जरूर यावं. वाचलेला एक जण समोर हवा, आणि तो प्रश्न विचारणारा हवा.

झाडीपट्टी

किल्लीताई, माहितीपर पुस्तकांबद्दल विचारलंत म्हणून लिहिते. मी गडचिरोलीत काम करते, थोडंफार लिहिते.

कादंबरीकाराला फळी ओली की कोरडी हे विचारायला धीर लागतो, कारण तो म्हणू शकतो, "माझी फळी कोरडी आहे." माहितीपर लेखकाला तसं म्हणता येत नाही. त्याची फळी खरीच असावी लागते. तरी गंमत बघा, त्यालाच आपण सगळ्यात कमी विचारतो. पुस्तकात आकडे आणि तक्ते दिसले की श्रोते मान खाली घालतात आणि शेवटी "यावर उपाय काय?" एवढंच विचारतात. उपाय काय हे मंत्र्याला विचारावं. लेखकाला विचारावं, तुम्हाला हे कळलं कसं?

आमच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावावर मिलिंद बोकीलांनी 'गोष्ट मेंढा गावाची' लिहिलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं हे गाव. इथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एक माणूस नाही म्हणाला तरी विषय पुढच्या बैठकीला जातो. आता अशा गावाबद्दल पुस्तक लिहिणाऱ्या कुणालाही मी काय विचारेन? लिहायची परवानगी कुणाकडून घेतली? आणि लिहून झाल्यावर पुस्तक गावात वाचलं गेलं का? जिथे एकाचा नकारही मोजला जातो, तिथल्या लेखकाला हा प्रश्न टाळताच येणार नाही.

मी स्वतः एकदा एका गावाबद्दल लेख लिहिला आणि छापून आल्यावर घेऊन गेले. एका आजोबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, सगळं बरोबर आहे. पण तू ज्या दिवशी आलीस त्या दिवशी आम्ही चांगले कपडे घातले होते." त्यानंतर मी पहिल्या भेटीत वही काढत नाही.

आता तुमच्या भूजलाच्या लेखकांसाठी. आपलं राज्य बहुतेक बेसॉल्टवर बसलंय. काळा कातळ, त्यात पाणी साठायला जागा कमी. वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि भेगांमध्ये जे मावेल तेवढंच. त्यामुळे पुस्तकात 'पातळी इतकी खाली गेली' असं वाचलं की पहिला प्रश्न, कुठल्या विहिरीत मोजली आणि कुठल्या महिन्यात? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. मे आणि ऑक्टोबर यांची तुलना केली तर काहीही सिद्ध करता येतं.

दुसरा प्रश्न तुमच्याकडचे शेतकरीच विचारतील, फक्त त्यांना आधी सांगून ठेवा. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहीर ही 'खोल विहीर' धरली आहे, म्हणजे साधारण दोनशे फूट. तुमच्याकडे बोअर किती फूट जातात? लेखकाने बोअरच्या गाडीवर रात्र काढलीय का? गाडीचा चालक काय म्हणाला? कोरडी गेलेली बोअर पुस्तकात मोजलीय का, की फक्त पाणी लागलेल्या? आमच्या अनुभवात कोरड्या बोअरची नोंद कुणीच ठेवत नाही, शेतकऱ्याच्या कर्जातच ती दिसते.

सीमेवरचा

बेळगावहून. मी मराठी आणि कन्नड दोन्ही वाचतो, म्हणून एक बाजू जोडतो.

भाषांतरित पुस्तकाच्या गप्पांना भाषांतरकाराला तिसऱ्या रांगेत बसवतात. ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि फार वाईट वाटतं. २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या 'हार्ट लॅम्प' या इंग्रजी भाषांतराला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, तेव्हा ते लेखिका आणि भाषांतरकार दीपा भास्ती या दोघींना मिळालं. बक्षिसाची रक्कमही त्यात अर्धी अर्धी असते. २०२२ मध्ये हिंदी लेखिका गीतांजली श्री आणि भाषांतरकार डेझी रॉकवेल यांचंही तसंच. कथासंग्रहाला ते बुकर मिळण्याची 'हार्ट लॅम्प' ही पहिलीच वेळ.

दीपा भास्तींनी कन्नड, उर्दू, अरबी शब्द तिरप्या ठशात छापले नाहीत आणि तळटीपाही दिल्या नाहीत. मुद्रितशोधक काका, तुमच्या 'वाढं'चीच ही गोष्ट आहे. आमच्याकडे गप्पा झाल्या तेव्हा कुणीतरी भाषांतरकाराला एकच विचारलं, "कुठला शब्द तुम्ही तसाच ठेवला?" त्या वीस मिनिटं बोलल्या, आणि मूळ लेखक शेजारी बसून पहिल्यांदाच ते ऐकत होते. त्यांनाही ठाऊक नव्हतं की आपला कुठला शब्द दुसऱ्या भाषेत जात नाही.

उंबराचं झाड

दूरचा कंदील, उत्तर पटलं. आणखी एक विचारते. लेखक बोलका नसला तर? सगळ्यांनाच बोलता येत नाही. आणि शेवट फुटण्याचं काय? आमच्याकडे एका गप्पांत प्रश्नकर्त्याने कादंबरीतली मुलगी शेवटी मरते हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. माझ्या शेजारच्या बाईंनी हातातलं पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं.

मुद्रितशोधक

बोलका नसला तर त्याला वाचायला लावा. दोन पानं, त्याच्याच आवाजात. मग त्या दोन पानांबद्दलच विचारा. हे वाक्य इतकं लांब का, इथे स्वल्पविराम का नाही. मितभाषी माणूसही आपल्या स्वल्पविरामाबद्दल बोलतो, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. शेवटाबद्दल म्हणाल तर पुस्तकाच्या पहिल्या एक तृतीयांश भागापलीकडचं काही व्यासपीठावर काढूच नये.

आणि लेखकाला बोलायचंच नसेल तर तेही मान्य करावं. नंदा खरे यांच्या 'उद्या' कादंबरीला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नम्रपणे नाकारला. अशी माणसं असतात. त्यांच्या पुस्तकाबद्दल वाचकांनीच एकमेकांशी बोलावं.

किल्लीताई, दोन महिन्यांबद्दल मी अजून विचार करतोय. एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगतो. कृष्णात खोत यांची 'रिंगाण' २०१८ ची. धरणाने उठवलेली माणसं आणि मागे राहून रानटी झालेली म्हैस, असा विषय. अकादमीचा पुरस्कार मिळाला २०२३ चा. पाच वर्षांनी कितीतरी वाचकांना ते पुस्तक नवीनच होतं. टेबलावरचे दिवस हेच पुस्तकाचे दिवस असं मी लिहिलं, ते दुकानापुरतं खरं आहे.

सीमेवरचा

काका, 'रिंगाण'बद्दल एक. ज्या घरात म्हैस आहे त्या घरातल्या माणसाने ती वाचून लेखकाला प्रश्न विचारावा, अशी माझी फार इच्छा आहे. दाव्याची सवय किती दिवसांत सुटते, हाक मारल्यावर जुनी ओळख राहते का. शहरातल्या सभागृहात विस्थापनावरच प्रश्न येतील, आणि तेही यायलाच हवेत, पण म्हशीबद्दल कुणी विचारणार नाही.

झाडीपट्टी

अगदी. धरणाखाली गेलेल्या गावातल्या माणसाने विचारावं आणि लेखकाने ऐकावं. मग व्यासपीठावर कोण आहे आणि सतरंजीवर कोण आहे याने फरक पडत नाही.

वाचनालयाची किल्ली

सगळ्यांचे मनापासून आभार. आज समितीची बैठक झाली, काय ठरलं ते सांगते.

मुद्रितशोधक काका, तुमचं ऐकून मधला मार्ग काढलाय. प्रकाशनाच्या दिवशी प्रती विकायच्या, लेखकाने दोन पानं वाचायची, बस. गप्पांची तारीख त्याच दिवशी जाहीर करायची, साधारण सहा आठवड्यांनी. म्हणजे ज्याने पुस्तक घेतलं त्याला वाचायला मुदत मिळते आणि तुमच्या प्रकाशकाची विक्रीही होते. ऊसतोडीशी संबंधित काही असेल तर गप्पा गुढीपाडव्यानंतरच.

भूजलाच्या पुस्तकाच्या पाच प्रती घेतल्या. प्रत्येकीत एक कोरा कागद ठेवलाय. वाचताना जे खटकेल ते पान नंबर घालून लिहायचं. झाडीपट्टी ताई, तुमचा विहीर आणि महिन्याचा प्रश्न मी कृषी विद्यालयाच्या एका मुलाला दिलाय. तो रोज संध्याकाळी येऊन तक्ते उतरवून घेतोय. दोन तक्त्यांत महिना दिलेलाच नाही, हे त्याने काल शोधून काढलं.

एक प्रत बोअरच्या गाडीवर काम करणाऱ्या माणसाकडे गेलीय. एक माझ्या शेजारच्या गावातल्या पाणाड्याकडे. सत्तरीचे आहेत, तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतात फिरतात आणि नारळ उभा राहिला की तिथे पाणी सांगतात. प्रत त्यांना द्यावी की नाही यावर मागच्या बैठकीत वाद झाला. विज्ञानाच्या पुस्तकाच्या गप्पांना पाणाड्या कशाला, असं एकांचं म्हणणं. पण पुस्तकात त्यांच्यासारख्यांवर दोन पानं आहेत, आणि ती काही चांगली नाहीत. मला वाटलं, आपल्याबद्दल काय लिहिलंय हे माणसाला आधी कळायला हवं.

काल ते प्रत परत द्यायला आले. त्या दोन पानांपाशी कागद घातलेला होता, कोराच. म्हणाले, "लिहायला येत नाही मला नीट. पण त्या दिवशी येतो. आतापर्यंत ज्या जागा सांगितल्या, त्यातल्या किती कोरड्या गेल्या ते मला पाठ आहे. त्यांच्या पुस्तकात हा आकडा नाही, मी बघितलं."